सालाची चाल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मोनिकाने फोनवर बजावलंय की रोज चार ओळी लिहायच्या. तिच्या ऑफिसात कुणी बाई आहेत, त्या म्हणे घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांना लिहायला सांगतात, त्याने बरं वाटतं. मला वाईट वाटतंय असं मी म्हणाले नव्हते. पण पोरीचं मन मोडवत नाही, म्हणून कारखान्याची डायरी काढली. हे कारखान्याच्या शेतकी खात्यात होते, रिटायर झाल्यावरही दरवर्षी डायरी घरी यायची. यंदाची तशीच कोरी पडलीय. मागच्या पानांवर उसाच्या जाती आणि लागणीचे महिने छापलेत.

तर चार ओळी. सकाळी उठले. शिवणक्लासच्या मुली आल्या, त्यांना बाही बसवायला शिकवली. दुपारी पिठलं केलं. मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, खाल्लं मात्र. झाल्या चार ओळी.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोनिका म्हणते, पिठल्याचं नको, बाबांचं लिही.

दसरा होऊन काही दिवस झाले होते. हे दुपारी बुद्धिबळ मंडळात गेले. तिथून चालत घरी आले आणि पुढच्या खोलीत पलंगावर आडवे झाले. मी मागे क्लासमध्ये होते. पाणी प्यायला आले तर हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले दिसले. म्हटलं, पडू दे. दिवेलागणीला उठवायला गेले तर उठेनात. नगरला नेलं. मेंदूत गाठ अडकली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, झोपेत झालं. ते म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर एक इंजेक्शन असतं, पण झोपेत झालेलं कुणाला कळणार. तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

जो येतो तो हेच म्हणतो, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कळलंसुद्धा नाही. मोनिका तर रोज म्हणते. मीही म्हणते.

गाडी मंडळापाशीच राहिली होती, ती मंडळातल्या बिभीषणने दुसऱ्या दिवशी आणून लावली. सोबत ह्यांची उजव्या पायातली चप्पल होती, रस्त्यात सापडली म्हणाला. डाव डोक्यात घोळत असला की ह्यांना कशाचं भान नसायचं. एकदा तर ऊन असताना छत्री उघडून स्टँडपर्यंत गेले होते.

शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "सुकन्या, येकदा रडून मोकळी हो गं." मोकळं व्हायला आत काहीतरी अडकलेलं लागतं.

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची माणसं आली होती. जुन्या दूध डेअरीच्या खोलीत हे मंडळ भरतं. डेअरी बंद पडली, खोली ह्यांनी ग्रामपंचायतीकडून मागून घेतली. त्या खोलीच्या भिंतीवर दाराएवढा लाकडी पट आहे, दर घरात एक खिळा, आणि खिळ्याला अडकवायचे चपटे मोहरे. वर्षभरात मंडळात खेळलेली सगळ्यात भारी चाल निवडायची, दत्तजयंतीला तो डाव भिंतीवर लावायचा, खेळणाऱ्याला फेटा बांधायचा, आणि पुढल्या दत्तजयंतीपर्यंत डाव तसाच ठेवायचा. तिला सालाची चाल म्हणतात. लोक चहाचा कप घेऊन त्याखाली उभे राहतात आणि वर्षभर त्याच चालीचा कीस काढतात. निवड हे एकटे करायचे. ह्यांच्या निवडीवर कुणी ब्र काढायचा नाही.

आता हे नाहीत आणि मंडळात दोन तट. सोसायटीच्या निवडणुकीपासून खताचं दुकान असलेला बिभीषण आणि जेसीबीवाला बजरंग एका पटावर बसत नाहीत.

"वहिनी, औंदा तुमीच निवडा," बिभीषण म्हणाला.

"मला त्यातलं काय कळतं? घोडा अडीच घरं जातो, एवढंच."

"म्हनूनच की," बजरंग म्हणाला. "ज्याला कळतं त्यो कुनाच्या ना कुनाच्या बाजूचा हाय."

निवडणुकीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं असेल, तेही माझ्या अडाणीपणावर. कारभारीभाऊ मागे उभे होते. ते ह्यांचे शाळेपासूनचे सोबती, लिंबाची बाग सांभाळून रोज दुपारी ह्यांच्याशी एक डाव मांडणारे. त्यांनी नुसती मान हलवली. मी हो म्हणाले. नाही म्हणायला जो जोर लागतो तो नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बिभीषण आपली चाल दाखवायला आला. ह्यांचा पट काढून दिला. त्याने शेवटी प्याद्याने मात केली होती. जुन्या खेळात प्यादेमातीला फार मान, हे मला ठाऊक होतं, तरी त्याने पुन्हा सांगितलं. मग आधीच्या चाली, मग त्या चालींमागचे विचार, मग समोरच्याचा चेहरा कसा पडला ते. मी एकीकडे हुक लावत होते. तो जाईपर्यंत एका ब्लाउजला सगळे हुक लावून झाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बजरंग आला. त्याच्या घोड्याने एकदम राजाला शह दिला आणि वजिरावरही डोळा ठेवला. मांडलं, दाखवलं, झालं. "खरं सांगू का वहिनी, वजीर मारात येतोय ह्ये मला बी घोडा ठिवल्यावर कळलं," म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

चांगली असावी. मला तसं काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. काल दूध उतू जाताना बघत उभी होते, शेगडी बंद करायची असते हे आठवायलाच वेळ लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार

कारभारीभाऊ आले. ओसरीवर बसले, गुडघे चोळत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, तिसरी बी येक चाल हाय. काकासाहेबाची. शेवटच्या दिसाची."

ह्यांचा तो शेवटचा डाव कारभारीभाऊंशीच होता. डाव ह्यांच्या बाजूने झुकलेला होता. हत्ती सरळ पुढे नेला असता तरी जिंकले असते. ह्यांनी हत्ती सोडून वजीर एक घर पुढे सरकवला, कारभारीभाऊंच्या प्याद्याच्या तोंडात. अख्खी खोली गोळा झाली. कारभारीभाऊंनी वजीर मारला नाही, कडेचं प्यादं हलवलं. मग हे बराच वेळ पटाकडे बघत बसले आणि एक शब्द न बोलता उठून घरी आले.

"डाव तसाच मांडून ठिवलाय," ते म्हणाले. "कुनी हात लावला न्हाई. समदे डोकं लावत्यात, त्या वजिराच्या मागं काय हुतं म्हनून."

"काय होतं?"

"हुतं काहीतरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काकासाहेब हुता त्यो."

१९ नोव्हेंबर, बुधवार

क्लासला दोरा आणायला बाजारात गेले तर बिभीषणने दुकानात बसवून घेतलं. वजिराच्या चालीवर त्याचाही जीव आहे. स्वतःची प्यादेमात तो सोडायला तयार आहे, बजरंगच्या घोड्याला फेटा बांधला नाही की झालं. बजरंगही जेसीबी थांबवून तिथेच आला, त्याचं म्हणणं तेच, उलट्या बाजूने. काकासाहेबांची निवडा, भांडण मिटतं, मंडळ राहतं. नाहीतर अर्धे लोक वेगळं मंडळ काढणार हे ठरलेलं आहे.

दोघं एकमेकांचं वाक्य पुरं करत सांगत होते. हे त्या दिवशी किती मजेत होते म्हणे. वजीर सरकवला तो डाव्या हाताने, उजवा मांडीवर टाकलेला, जसं काही डावा हातसुद्धा पुरे. बिभीषणने विचारलं, "काकासाहेब, वजीर का?" तर उत्तर दिलं नाही, नुसते ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. चहा अर्धा धोतरावर सांडला तरी लक्ष नाही.

"तंद्री लागली हुती वहिनी," बजरंग म्हणाला. "आसा खेळनारा पुन्यांदा व्हायचा न्हाई."

माणूस गेला की त्याच्या गोष्टी होतात. डाव्या हाताने ह्यांनी कधी बटणही लावलं नव्हतं. पण ऐकून घेतलं. दोरा आणायचा राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कारभारीभाऊंनी डाव मला घरी मांडून दिला आणि मी दोन दिवस येता-जाता त्याकडे बघितलं. वजीर मरतो. दुसरं काही होत नाही. आज ते लिंबं घेऊन आले तेव्हा मी सरळ विचारलं, "भाऊ, ही चाल नक्की भारी आहे ना?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. क्लासच्या मुली गेल्या होत्या.

"तुमाला म्हनून सांगतो, वहिनी. ती चाल न्हाई, ती चूक हाय. त्याला हत्तीच हालवायचा हुता. हात हत्तीकडंच निघाला हुता, मी समोर हुतो, मला दिसलं. मधीच बोटं वजिराला लागली आन वजीर फरफटत गेला पुढं."

"मग तुम्ही घेतला का नाही?"

"काकासाहेबाचा वजीर आसा फुकटात मारू? हात लागला की खेळायचं, ह्यो त्याचाच नेम. परत घे म्हनलो आसतो तर चारचौघांत त्याची चूक उगडी पडली आसती. मी आपलं कडंचं प्यादं हालवलं. म्हनलं, घील वजीर मागं. तर गडी बसला त्यो बसलाच. मग उठून गेला. मला वाटलं, शरमला. म्हनलं आज काय बोलू नये, उद्या हासत हासत विषय काढू."

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी लिंबं मोजल्यासारखी नुसती टोपलीत सारखी करत होते.

"लोकांनी तिची भारी चाल केली, मी करू दिली," ते म्हणाले. "तुमी तीच निवडा. त्याचा शेवट चुकीवर नको. येवढा मान ठिवा त्याचा."

मी बरं म्हणाले. आधीच निवडायला सोपी होती, आता आणखी सोपी झाली. भांडणही मिटेल. माझं डोकं जरा दुखत होतं, लिंबाचं सरबत करून प्यायले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवण झाल्यावर कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून डोळा लागला. जाग आली तेव्हा उजवा हात अंगाखाली दबलेला, पार मेलेला. समोर चष्मा होता. उजवा उचलेना म्हणून डावा पुढे केला. नीट नेम लागेना. चष्म्याऐवजी कात्रीला बोटं लागली आणि कात्री सरकत जाऊन खाली पडली.

मुली हसल्या. मीही हसायला गेले आणि तशीच बसले.

हाताला मुंग्या येऊन हात जागा झाला. मुलींना आज लवकर घरी जा म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये ज्या बाकड्यावर मी बसून होते, त्याच्या समोर लकव्याच्या लक्षणांचा तक्ता होता. तोंड एका बाजूला वाकडं होणं. शब्द न फुटणं. एका बाजूचा हात-पाय जड पडणं. तो मी कितीदा वाचला असेल. वाचायला दुसरं काही नव्हतं.

उजवा हात मांडीवर टाकलेला. ओठाचा एकच कोपरा हसला. विचारलं तर बोलले नाहीत. चहा सांडला. गाडी चालवायला घेतली नाही. उजव्या पायातली चप्पल निसटली ती कळली नाही.

झोपेत नव्हतं झालं. पटावर झालं. खोलीभर माणसांच्या देखत झालं आणि सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं. नुसते पटावर बसलेलेच किती वेळ होते. मग चालत आले, एवढा रस्ता, एका पायात चप्पल घालून. मग मी पाहिलं आणि म्हटलं, पडू दे.

तिथे ह्यांच्या जागी बजरंग बसलेला असता तर कुणीतरी ओरडलं असतं, "आरं, येडा झाला का, वजीर मरतुय." खांदा धरून हलवला असता. ह्यांना कोण म्हणणार? ह्यांचा मान मोठा.

आणि हात चुकला हे फक्त कारभारीभाऊंना दिसलं होतं. इतक्या जवळून. आणि त्यांनी मान ठेवला.

त्यांना हे कधी कळता कामा नये. एवढं एकच मला लख्ख कळतंय. बाकी काही वाटत नाही. रडू येईल म्हणून ओट्याशी थांबले, आलं नाही. मग दोन भाकरी केल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

चार दिवस काही लिहिलं नाही. लिहायचं ते लिहून झालंय.

मोनिकाचा फोन आला. तिला बिभीषणने कळवलंय. ती सुट्टी टाकून येतेय, फेटा बाबांच्या फोटोला बांधायचा म्हणते. "आई, एवढी सुंदर चाल खेळून घरी यायचं आणि झोपेत जायचं, असं मरण कुणाला मिळतं," म्हणाली. मी म्हणाले, येताना स्वेटर आण, इकडे थंडी पडलीय.

कारभारीभाऊ रोज येतात. आता पटावर मलाच समोर बसवतात. मी हरते. ते मला चाली मागे घेऊ देतात. हरतानाही तासभर बरा जातो. खरं तर दिवसातला तेवढाच.

३ डिसेंबर, बुधवार

मोनिका आली. घर झाडून काढलं तिने, ह्यांचे कपडे घडी करून ठेवले.

उद्या ह्यांचीच चाल सांगायची असं ठरवलं. खोटी आहे तर आहे. त्यात कारभारीभाऊ झाकले जातात, मोनिकाही झाकली जाते, मंडळ टिकतं. माझं काय जाणार आहे? मी तर कधी मंडळात पायही टाकत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. माझा निकाल काय असणार हे गावाला ठाऊक होतं. बिभीषणने केशरी फेटा आणला होता, फोटोला हार घातलेला होता. भिंतीवरच्या पटावर सगळे मोहरे अडकवलेले, एकट्या वजिराचा खिळा मोकळा. बजरंगने स्टूल मांडलं आणि कारभारीभाऊंनी वजीर आणून माझ्या हातात दिला. लाकडाचाच, पण रंगाच्या पुटांनी जड झालेला.

मी स्टुलावर चढले. खाली सगळ्यांची तोंडं वर. खिळा समोर होता. फक्त अडकवायचा होता.

तिथून मला ती खोली वर्षभराची दिसली. कुणीतरी याखाली उभं राहून चहा पिणार आणि म्हणणार, डाव्या हातानं खेळला, लई मजेत हुता त्या दिशी. पुढची दत्तजयंती येईपर्यंत रोज कुणीतरी म्हणणार. ह्यांचा तो हात तिथे तसाच टांगलेला राहणार आणि लोक वाहवा करणार. तेव्हा केली तशीच.

माझ्याने नाही झालं. मी उतरले, वजीर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बजरंगचा घोडा."

बजरंगच म्हणाला, "वहिनी, मला नको."

"निवडायला मला सांगितलं होतं ना? घोडा."

बिभीषण उठला. भिंतीवरचं घड्याळ त्याने मंडळाला दिलेलं होतं, ते काढून काखेत मारलं आणि गेला. त्याच्यामागे त्याची माणसं गेली. कारभारीभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मान ठिवला न्हाई तुमी त्याचा," एवढंच म्हणाले आणि काठी न घेताच बाहेर पडले.

घरी दाराशी आल्यावर मोनिका म्हणाली, "आई, बाबांशी तुझं काही भांडण होतं का?"

मी म्हणाले, "घोडा चांगला होता."

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी कारभारीभाऊ आले. मोनिका आत बॅग भरत होती. मी अंगणात पायपुसणी झटकत होते. ते ओसरीवर चढले नाहीत. खालीच उभे राहिले, डोळे लाल, रात्रभर झोपलेले नसावेत.

"मी तुमाला कुनाला न सांगितलेलं सांगितलं," ते म्हणाले. "माजं आन त्याचं जे हुतं ते तुमच्या पदरात टाकलं. आन तुमी चारचौघांत त्याला..."

पुढचा शब्द आला नाही. तोंड हललं, शब्द आला नाही. पुन्हा हललं. हात काठी शोधत होता आणि काठी नव्हती, ती मंडळातच राहिली होती.

मला भीती वाटली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं, आणि ते इतक्या जोराने आलं की मी पायपुसणी टाकून धावलेच.

"भाऊ, हसा."

"वहिनी, तुमी..."

"हसा म्हणते ना. दात दाखवा."

मोठ्या दिरासारखा माणूस. मी त्यांच्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. ते घाबरून हसले. भर रागातलं ते हसू, दोन्ही बाजूंनी सारखं.

"आता दोन्ही हात वर करा."

"मला काय येडा समजता का?"

"समजते. करा वर."

त्यांनी केले. कासऱ्यासारखे वाळलेले हात, पण दोन्ही सरळ वर गेले आणि वर राहिले. मी दोन्हींकडे बघितलं, एकदा या, एकदा त्या. काही नव्हतं. रागाने बोबडी वळली होती, एवढंच. मी पायरीवर बसले.

"घ्या खाली," मी म्हणाले.

ते खाली घेईनात. आधी माझ्याकडे बघत होते, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं. त्यांच्या तोंडावरचा राग कुठे गेला ते मला दिसलं आणि मला ते थांबवता आलं नाही.

"काकासाहेब डाव्या हातानं कधीच खेळत नव्हता," ते म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं. एक सोपं खोटं, काहीही. ते सुचलं नाही.

"मी समोर हुतो, वहिनी. येवढ्याव."

"तुम्ही प्यादं हलवलंत," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणी वजीर मारला असता. तुम्ही त्यांना वेळ दिलात."

"वेळच दिला," ते म्हणाले, आणि त्यांचे हात खाली आले.

मग मी रडले. कसं ते लिहिता येत नाही. शेजारून गोजरबाई भिंतीवरून डोकावल्या आणि परत गेल्या, इतकं मोठ्याने. कारभारीभाऊ पायरीवर माझ्या शेजारी बसले आणि उपरणं तोंडावर धरून तेही. त्यांच्यासाठी मी हे लपवून ठेवलं होतं आणि माझ्याच हातून ते त्यांच्या पदरात पडलं.

मोनिका धावत बाहेर आली. "काय झालं? कालच्यावरून भांडलात का तुम्ही?"

कारभारीभाऊंनी उपरणं काढलं. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय बाळा," ते म्हणाले. "त्या घोड्याच्या चालीवरून. मिटलं आता."

"दोघंही लहान मुलांसारखे आहात," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली. आम्ही तिला तसंच वाटू दिलं.